सायबर गुन्हा नेमका कशाला म्हणायचे, आणि तो इथवर कसा आला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणाऱ्या, तुमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांना तोतया अधिकाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून दोन दिवस घरातच बसवून ठेवण्यात आले. त्यांनी घाबरून स्वतः बँकेत जाऊन मुदत ठेवी मोडल्या आणि सांगितलेल्या खात्यात रक्कम भरली. त्यांच्या संगणकात कोणी शिरले नव्हते, पासवर्ड चोरीला गेला नव्हता, बँकेची यंत्रणाही शाबूत होती. मग याला सायबर गुन्हा का म्हणायचे, जुन्या ठकबाजीपेक्षा तो वेगळा कसा, आणि हॅकिंगपासून सुरू झालेले हे प्रकरण इथपर्यंत कसे येऊन पोहोचले, असे तुम्ही कायद्याची विद्यार्थिनी म्हणून विचारले आहे. मी गेली अनेक वर्षे मुंबईत संगणकीय पुराव्यांच्या तपासणीचे काम करतो आणि बँका, वकील, पोलीस अशा तिन्ही बाजूंची प्रकरणे माझ्यासमोर येतात. त्या अनुभवातून मला जे दिसले, ते सविस्तर मांडतो.

प्रथम व्याख्येचा मुद्दा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा या क्षेत्रातील आपला मूळ कायदा असला, तरी त्यात ‘सायबर गुन्हा’ या संज्ञेची व्याख्या केलेली नाही. कायद्याने कृत्ये सांगितली आहेत: परवानगीशिवाय संगणकात शिरणे, माहितीची नासधूस करणे, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख वापरणे, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, इत्यादी. पाठ्यपुस्तकांत यांचे दोन गट केले जातात. एकात संगणक हे लक्ष्य असते आणि दुसऱ्यात ते साधन असते. ही विभागणी समजावून सांगायला सोपी आहे, परंतु प्रत्यक्ष तपासात ती फार काळ टिकत नाही. एखाद्या रुग्णालयाच्या सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते, तेव्हा संगणक हे लक्ष्यही असते आणि साधनही, आणि खरा घाव रुग्णालय चालवणाऱ्या माणसांवर असतो.

माझ्या मते सायबर गुन्ह्याचे वेगळेपण तीन गोष्टींत आहे. गुन्हेगार आणि बळी यांच्यात प्रत्यक्ष भेटीची गरज उरत नाही, त्यामुळे एकाच गुन्ह्यात चार राज्यांचे आणि दोन-तीन देशांचे कायदे येतात. एकच युक्ती एकाच दिवशी हजारो लोकांवर वापरता येते, आणि त्यांपैकी मोजके जरी सापडले तरी गुन्हेगाराचा खर्च भरून निघतो. पाकीटमाराला हे कधीच शक्य नव्हते. तिसरे म्हणजे पुरावा भरपूर असतो, पण तो इतरांच्या ताब्यात आणि अल्पायुषी असतो. तो दूरसंचार कंपनीकडे, बँकेकडे, परदेशातील ॲपच्या सर्व्हरवर असतो, आणि ठरावीक मुदतीनंतर पुसला जातो. दादरच्या शिक्षकांच्या प्रकरणात या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून तो सायबर गुन्हा आहे. कोणी काही ‘हॅक’ केले की नाही, हा त्यातला दुय्यम प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे वळतो. हा इतिहास बहुधा व्हायरसांच्या आणि हुशार तरुणांच्या कथांतून सांगितला जातो. त्या कथा खऱ्या आहेत, पण त्यांतून आजची स्थिती उलगडत नाही. तो अधिक स्पष्टपणे समजतो तो पैशाच्या वाटेने पाहिल्यावर. तंत्रज्ञानामुळे गुन्हा शक्य होतो, पण लुटलेली रक्कम सुरक्षितपणे बाहेर काढण्याची वाट सापडते तेव्हाच त्याचा धंदा होतो. प्रत्येक टप्प्यावर ही वाट कोणती होती, एवढे पाहत गेलो की पुढचा टप्पा का आला हे कळते.

अगदी सुरुवातीचे उदाहरण विजेच्या तारेच्याही आधीचे आहे. १८३४ मध्ये फ्रान्समध्ये ब्लँक या दोन भावांनी बोर्दो येथील बाजारात रोख्यांचे व्यवहार करताना सरकारी दृश्य तारयंत्रणेचा गैरवापर केला. मनोऱ्यांवरील हलत्या दांड्यांच्या खुणांनी संदेश पुढे नेणारी ती यंत्रणा केवळ सरकारी कामासाठी होती. भावांनी तूर येथील कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी संदेशात एक जाणीवपूर्वक चूक आणि लगोलग ती रद्द करणारी खूण घालायला लावली. संदेशाच्या अधिकृत नोंदीत ती चूक गळून जाई, पण बोर्दोजवळ मनोऱ्याकडे पाहत बसलेल्या त्यांच्या माणसाला पॅरिसचा भाव चढला की उतरला हे कळे. हा प्रकार दोन वर्षे चालला आणि १८३६ मध्ये उघडकीस आला. खटला झाला, पण यंत्रणेच्या अशा खासगी वापराला मनाई करणारा कायदाच नसल्यामुळे मुख्य आरोपातून ते सुटले. जाळे सरकारचे, फितूर आतला माणूस, नफा बाजारातून आणि कायदा मागे: पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत याच चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

संगणकयुगाचा आरंभीचा काळ पैशाच्या दृष्टीने निरुपद्रवी होता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, ‘क्रीपर’ नावाचा एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकणारा प्रायोगिक प्रोग्राम लिहिला गेला. त्याच सुमारास काही तरुण २,६०० हर्ट्झचा स्वर फोनमध्ये वाजवून टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेला चकवत आणि लांब पल्ल्याचे कॉल फुकट करत. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या माध्यमातून जगभर पसरला आणि त्यात त्यांचा स्वतःचा पत्ता व फोन क्रमांक होता. गुन्हेगारीचा हेतू असलेला माणूस आपला पत्ता देत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे जाळ्यावरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, अंदाजे ६,००० संगणक ठप्प केले. तेव्हाचे इंटरनेट पाहता हा मोठा हिस्सा होता. अमेरिकेच्या १९८६ च्या संगणक गैरवापरविरोधी कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला मोठा आरोपी. या सर्वांतून कोणाच्याही खिशात पैसा आला नाही, कारण तेव्हा त्या जाळ्यावर पैसा वाहतच नव्हता.

१९८९ चे एक प्रकरण मला यासाठी फार महत्त्वाचे वाटते. जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने पाठवल्या. फ्लॉपी वापरल्यानंतर संगणक ठरावीक वेळा सुरू केला की फायलींची नावे गुप्त लिपीत जात आणि पडद्यावर १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठवण्याची सूचना येई. आज ज्याला रॅन्समवेअर म्हणतात त्याची संपूर्ण कल्पना यात आहे. तरीही तिचा धंदा झाला नाही. टपालाने चेक किंवा ड्राफ्ट पाठवायचा, तो कोणीतरी वटवायचा, आणि वटवणाऱ्याचा माग राहायचा. कल्पना तयार होती, पण पैसे स्वीकारण्याची वाट नव्हती. ती वाट २००९ मध्ये बिटकॉइन हे आभासी चलन सुरू झाल्यावर तयार झाली आणि २०१३ मधील ‘क्रिप्टोलॉकर’पासून खंडणीचा हा प्रकार जगभर वाढला. मधली चोवीस वर्षे तंत्र कुठे अडले नव्हते, वसुली अडली होती.

बँकांच्या बाबतीतही हेच दिसते. १९९४ मध्ये रशियातील व्लादिमिर लेविन याने सिटीबँकेच्या कॉर्पोरेट ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे एक कोटी डॉलर वेगवेगळ्या देशांतील साथीदारांच्या खात्यांत वळवले. आत शिरणे त्याला जमले, परंतु साथीदार पैसे काढायला गेले आणि पकडले गेले. शेवटी सुमारे चार लाख डॉलर वगळता सर्व रक्कम परत मिळाली. मी नव्या तपास अधिकाऱ्यांना हे प्रकरण नेहमी सांगतो, कारण यंत्रणेत शिरलेला माणूस हजारो मैलांवर असला, तरी पैसा घ्यायला आलेला माणूस कुठल्या तरी शाखेच्या, एटीएमच्या किंवा दुकानाच्या समोर उभा असतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि मुंबई हे पहिल्या शहरांपैकी एक होते. सुरुवातीची प्रकरणे आज फार साधी वाटतात. इंटरनेटचे तास महाग होते, तेव्हा दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याचे तास संपवणे हीच चोरी होती. जून १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, परदेशांतील किशोरवयीन मुलांच्या एका गटाने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ई-मेल पळवले आणि संकेतस्थळाचे पान बदलले. ती घटना निषेध म्हणून केलेली होती, पण आपल्या सर्वांत संवेदनशील संस्थांपैकी एकीपर्यंत पोहोचायला व्हिसा लागत नाही, हे त्यातून प्रथमच सर्वांसमोर आले.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या व्हायरसने जगभरातील लाखो संगणकांना ग्रासले. तो फिलिपिन्समधून सुटला होता. संशयित सापडला, पण त्या देशात अशा कृत्यासाठी कायदाच नसल्यामुळे खटला उभा राहिला नाही. त्याच वर्षी आपला माहिती तंत्रज्ञान अधिनियम संमत झाला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. तो मुळात ई-व्यापाराला मान्यता देण्यासाठी केलेला कायदा होता आणि गुन्ह्यांचे प्रकरण त्यात त्रोटक होते. ओळखचोरी, तोतयेगिरी, खासगीपणाचा भंग, सायबर दहशतवाद हे गुन्हे २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. त्याच दुरुस्तीतील, आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम ६६(ए) मात्र इतके ढिसाळ शब्दांत लिहिले होते, की २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरापायी अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. ज्या कायद्याने ठकांना पकडायचे, तो मत मांडणाऱ्यांवर वापरला गेला की पोलिसांचा वेळ आणि लोकांचा विश्वास दोन्ही खर्ची पडतात. हे नुकसान आकड्यांत दिसत नाही, पण आम्ही ते जवळून पाहिले आहे.

याच काळात गुन्हेगारीचे व्यावसायिकीकरण झाले. पूर्वी एकच माणूस प्रोग्राम लिही, आत शिरे आणि पैसाही काढी. आता प्रत्येक काम वेगळ्या माणसाकडे गेले. कार्डांचे आकडे विकणारा वेगळा, बनावट संकेतस्थळ बनवून देणारा वेगळा, खाते पुरवणारा वेगळा. २००५ मध्ये पुण्यातील एका बीपीओतील कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकग्राहकांचे पिन बोलण्यात काढून घेतले आणि रक्कम पुण्यातील खात्यांत वळवली. पैसा शहरातच आला, म्हणून ते सापडले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सुमारे ७० जणांना अटक झाली आणि ७०० हून अधिक जणांची चौकशी झाली. अमेरिकी उच्चारांत बोलणारी विशी-बाविशीची मुले तिकडच्या नागरिकांना आयकर खात्याचे अधिकारी म्हणून अटकेची धमकी देत आणि भेटकार्डांवरचे (गिफ्ट कार्डांवरचे) क्रमांक वाचून घेत. भेटकार्ड ही या वेळची वाट होती. लिहून दिलेले संवाद, वरिष्ठाकडे कॉल देण्याची पद्धत, फोन ठेवू न देण्याचा दंडक: दादरच्या शिक्षकांना जो अनुभव आला, त्याचा आराखडा मीरा रोडच्या त्या मजल्यांवर तयार होता. फरक एवढाच, की तेव्हा बळी अमेरिकेत होते.

बँकांवरील दोन हल्ले या इतिहासात सविस्तर पाहण्यासारखे आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला ९५.१ कोटी डॉलर हलवण्याचे संदेश स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून गेले. वेळ जाणीवपूर्वक निवडली होती: ढाक्यात शुक्रवारची सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. बहुतेक संदेश अडवले गेले, श्रीलंकेकडे गेलेले दोन कोटी डॉलर लाभार्थीच्या नावातील स्पेलिंगच्या चुकीमुळे परत आले, पण ८.१ कोटी डॉलर मनिलातील बँकेतून जुगारगृहांत पोहोचले. जुगारगृहांना तेव्हा तेथील मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू नव्हता. गुन्हेगारांनी बँकेच्या यंत्रणेइतकाच कसून अभ्यास फिलिपिन्सच्या कायद्यातील या पळवाटेचा केला होता.

दुसरे प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसवलेल्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) पैसे काढण्याच्या विनंत्या मूळ खात्यांपर्यंत जाऊच दिल्या नाहीत आणि परस्पर मंजुरी दिली. त्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून क्लोन केलेल्या (नक्कल करून बनवलेल्या) कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही अडीच कोटींच्या आसपास रक्कम निघाली आणि १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटींहून अधिक होते. २८ देशांत एकाच वेळी कार्डे घेऊन उभी राहणारी माणसे जमवणे हे मालवेअर लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे, असे माझे ठाम मत आहे. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. ती एटीएमसमोर उभी राहणारी आणि त्यांना कार्डे पुरवणारी मंडळी होती. मालवेअरचे कर्ते त्यांत नव्हते.

माझी पैशाच्या वाटेची कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्राममुळे न्हावा शेवा येथील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले आणि कंटेनरचे ट्रक बंदराबाहेर खोळंबले. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हती. हेतू विध्वंसाचा होता आणि लक्ष्य युक्रेन होते; मुंबई बंदराचा परिसर वाटेत आला. लैंगिक छळ, बनावट छायाचित्रे, पूर्वीच्या जोडीदाराचा सूड यांतही बहुतेकदा पैसा नसतो. शिवाय प्रत्येक बिघाड हा हल्ला नसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता मांडली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीचे कारण दिले. पुरावा हाती येईपर्यंत दोन्ही शक्यता खुल्या ठेवणे हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांसाठी दुसरी पडताळणी सक्तीची केली, पुढे चिपची कार्डे आली, आणि नुसते कार्डाचे आकडे चोरून भारतात फार काही करता येईनासे झाले. यंत्र मजबूत झाल्यावर गुन्हेगार माणसाकडे वळला. झारखंडमधील जामताऱ्यापासून हरियाणा-राजस्थानातील मेवातपर्यंत ओटीपी विचारून घेणाऱ्यांचे जाळे उभे राहिले. २०१६ मध्ये यूपीआय आले, नोटाबंदीनंतर ते घरोघरी पोहोचले आणि पैसा क्षणात, रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही हलू लागला. ही सोय देशासाठी मोलाची आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु पूर्वी चेक वटेपर्यंत जो दिवस-दोन दिवसांचा अवधी मिळे, तोच फसवलेल्या माणसाचा बचाव होता, आणि तो अवधी नाहीसा झाला. वीजबिल थकल्याचा संदेश, केवायसीची मुदत, जुने फर्निचर विकत घेणारा ‘सैनिक’, शेअर बाजाराचे बनावट ॲप हे सर्व प्रकार याच पायावर उभे आहेत.

या सर्वांचा कणा म्हणजे म्यूल खाते, ज्याला सायबर पोलीस ठाण्यांत भाड्याचे खातेही म्हणतात. अशा खात्याचा उतारा हातात घेतला, की तो सहसा असा दिसतो. खातेदार एखाद्या उपनगरातील बेरोजगार तरुण किंवा छोटा दुकानदार असतो. महिनोन्‌महिने खात्यात शेकड्यांत रक्कम, रिचार्ज, एखादे देणे. मग एका सकाळी एक रुपयाची चाचणी जमा, तासाभराने आरटीजीएसने पस्तीस-चाळीस लाख जमा, आणि लगेच पुढच्या ओळीपासून आयएमपीएसने पाच लाखांच्या आतल्या रकमा एकापाठोपाठ बाहेर, कारण आयएमपीएसची मर्यादा पाच लाखांची आहे. पंधरा-वीस मिनिटांत शिल्लक पुन्हा शेकड्यांवर. दुसऱ्या थरातील खात्यांतून रक्कम तिसऱ्या थरात आणखी बारीक तुकड्यांनी जाते. शेवटी काही भाग एटीएममधून किंवा चेकने रोख निघतो आणि उरलेला आभासी चलनात बदलून परदेशी जातो. खातेदाराला काही हजार रुपये किंवा टक्केवारी मिळते. अनेकदा त्याच्या मोबाईलमध्ये येणारे बँकेचे संदेश परस्पर पुढे पाठवणारे ॲप टाकलेले असते, म्हणजे ओटीपी थेट सूत्रधारांकडे पोहोचतो. कधी व्यवहार संपेपर्यंत खातेदारालाच एखाद्या लॉजमध्ये बसवून ठेवतात. पुढे पोलीस दारात येतात, तेव्हा त्याच्या तोंडी एकच उत्तर असते: ‘मला काही माहीत नव्हतं, मित्रानं खातं मागितलं होतं.’

फोनवर बोलणारी माणसे कोण, हा प्रश्नही आता सोपा राहिलेला नाही. कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधील बंदिस्त आवारांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांकडून, त्यांत भारतीयही आहेत, पासपोर्ट काढून घेऊन हे काम करवून घेतले जाते. फोनवरचा ‘अधिकारी’ हा गुन्हेगार असतो आणि काही वेळा स्वतःच कैदीही असतो. आणखी एक गोष्ट मुंबईकर म्हणून मला फार टोचते. देशभरातील बळींना ‘तुमच्या नावाचे पार्सल मुंबई विमानतळावर सापडले आहे, मुंबई गुन्हे शाखेशी बोला’ असे सांगितले जाते. या शहराच्या पोलिसांचा दरारा गुन्हेगारांनी भांडवल म्हणून वापरला आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाच्या कायदेशीर बाजूकडे येतो. शिक्षकांनी स्वतः पैसे पाठवले, म्हणून संमती होती, असा युक्तिवाद होऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि समोरच्याला ते ठाऊक होते. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून येथे लोकसेवकाची तोतयेगिरी हे कलम २०४, खंडणीचे ३०८, फसवणुकीचे ३१८(४), तोतयेगिरीने फसवणुकीचे ३१९(२), बनावट वॉरंट वापरल्याबद्दल बनावट दस्तऐवजांची कलमे, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची ६६(सी) (ओळखचोरी) व ६६(डी) (संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी) ही कलमे लागतात. टोळीचे सातत्य सिद्ध करता आले, तर संघटित गुन्हेगारीचे कलम १११ ही लागू शकते, कारण त्यात सायबर गुन्ह्यांचा उल्लेख आहे. केवळ ६६(डी) लावून भागत नाही: त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि तो गुन्हा जामीनपात्र आहे. या अधिनियमाखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि वाढत्या तक्रारींपुढे असे अधिकारी अपुरे पडतात.

पुराव्यात सर्वाधिक प्रकरणे जिथे लटकतात, त्या दोन जागा सांगतो. मोबाईल नेटवर्कवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहक वापरत असतात. त्यामुळे नुसता आयपी पत्ता पाठवून उपयोग नसतो, त्या ग्राहकांना वेगळे ओळखू देणारा पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. परदेशी कंपनीची नोंद जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपली साडेपाच तास पुढे, आणि हे साडेपाच तास मिळवायला विसरल्यामुळे भलत्याच ग्राहकाच्या दारात पोलीस गेल्याची उदाहरणे आहेत. दुसरी जागा प्रमाणपत्राची. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५(बी) खालील आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र आवश्यक असते. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पक्की केली. नव्या कायद्यातील प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्यही (मजकुरावरून गणिताने काढलेली तिची खूण) लिहायचे असते, म्हणजे फायलीत एका अक्षराचा बदल झाला तरी तो उघड होतो. शिक्षकांचा मोबाईल म्हणूनच कोणीही चाळत बसू नये. कॉलची नोंद, संदेश, पाठवलेले ‘वॉरंट’ जसेच्या तसे ठेवून तो तपासासाठी द्यावा.

पैसे परत मिळण्याविषयी तुम्ही विचारले नव्हते, पण शिक्षकांच्या घरच्यांना तेच हवे असणार. १९३० या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवताच ती संबंधित बँकांकडे जाते आणि ज्या थरापर्यंत पैसा पोहोचला असेल तेथे तो गोठवला जातो. वर सांगितलेल्या म्यूल खात्याच्या उताऱ्यातील पंधरा-वीस मिनिटे लक्षात घेतली, तर पहिल्या तासाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गोठवलेली रक्कम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून परत मागता येते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक त्रयस्थाने परस्पर केलेल्या व्यवहारांसाठी आहे आणि त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य मानली आहे. ग्राहकाने स्वतः केलेल्या व्यवहारासाठी बँका ते लागू करत नाहीत, त्यामुळे या प्रकरणात केवळ त्याच्यावर विसंबू नये. मात्र एक मार्ग फारसे वकील सुचवत नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांत ते नुकसानभरपाई देऊ शकतात. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांनी बँका आणि दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहकांच्या बाजूने आदेश दिलेले आहेत. महिनोन्‌महिने शेकड्यांत चाललेल्या खात्यात अचानक चाळीस लाख आले आणि वीस मिनिटांत गेले, तरी त्या बँकेच्या देखरेख यंत्रणेला ते का खटकले नाही, हा प्रश्न तेथे विचारता येतो. त्यासाठी म्यूल खात्याच्या बँकेकडून खाते उघडण्याची कागदपत्रे, केवायसी आणि संशयास्पद व्यवहाराच्या सूचनांची नोंद मागवावी लागेल, आणि ती जतन करून ठेवण्याचे लेखी पत्र या आठवड्यातच बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला द्यावे.